पंगतीतल्या खुनांना एक ओळ हवी

वनमाला पोतनीस यांनी वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत चौदा माणसं मारली होती, आणि ती सगळीच्या सगळी भर पंगतीत. कुणी मुंजीच्या जेवणात दुसरी जिलबी तोंडात असताना गेला, कुणी साखरपुड्यात मठ्ठ्याचा पेला खाली ठेवता ठेवता. ग्वाल्हेरच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे कशात काय मिसळलं की किती वेळात काय होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. हरिशंकरपुरमातल्या आपल्या घरी दुपारची जेवणं आटोपली की त्या ताटं एका अंगाला सारायच्या, टेबल पुसायच्या आणि रहस्यकथा लिहायला बसायच्या.

कथा मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत यायच्या. पन्नास-साठ घरांत त्या वाचल्या जायच्या आणि पुढच्या दिवाळीपर्यंत विसरल्याही जायच्या. पहिले वाचक नवरोबा, मधुसूदनराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मनाने सरळ आणि तोंडाने त्याहून सरळ. खुनी कोण ते कळलं की ते सकाळी फुलबागेत फिरायला जाताना भेटेल त्याला सांगून मोकळे व्हायचे. म्हणून बाई त्यांना शेवटची दोन पानं सोडूनच कथा वाचायला द्यायच्या.

सगळ्या कथांमध्ये खून शोधून काढायची ती यमूआत्या. यमूआत्या पंगतीत तूप वाढायची. तूप वाढणारी बाई प्रत्येक पानापाशी थांबते, वाकते, आणि मान खाली घातलेल्या माणसाचा चेहरा तिला अगदी जवळून दिसतो. कोण मन लावून जेवतोय आणि कोण नुसता भात चिवडतोय हे तिच्याइतकं कुणाला कळणार? यमूआत्या तोंडाने फटकळ होती, कुणाच्या बापाला भीत नव्हती, आणि खुनी सापडला तरी मागचा भात वाढून झाल्याशिवाय पोलिसांना आत घेत नव्हती.

नात्यात एकच माणूस असं होतं ज्याने यातलं अक्षर वाचलेलं नव्हतं. मधुसूदनरावांच्या थोरल्या भगिनी, शिंदे की छावणीत राहणाऱ्या इंदुताई मुळे. वय शहात्तर, आवाज तिशीतला. बावीस वर्षांपूर्वी वनमालाबाईंची पहिली कथा छापून आली, तिच्यात बारशाच्या जेवणात खून होता, आणि त्याच आठवड्यात इंदुताईंच्या नातवाचं बारसं होतं. शुभकार्यात कुणी मरत नसतं, असं एकच वाक्य बोलून त्यांनी स्मरणिका बंद केली होती. ती पुन्हा उघडली नाही.

मग गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून केदार नावाच्या तरुण प्रकाशकाचा फोन आला. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेली यमूआत्याची एक कथा त्याने वाचली होती आणि त्याला सगळ्या कथांचं पुस्तक काढायचं होतं. बाईंनी फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, आणि तिथेच ओट्याला धरून हसत उभ्या राहिल्या. मधुसूदनराव धावत आले. त्यांना वाटलं काहीतरी सांडलं.

महिनाभर सगळं मजेत चाललं. मुद्रितं आली, तपासून गेली. मग केदारने शेवटची एक छोटीशी गोष्ट मागितली. मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावाखाली एक ओळ हवी होती. वाचली की चिकटली पाहिजे, आणि तुम्ही काय लिहिता ते तिच्यात यायला हवं. जास्तीत जास्त सहा-सात शब्द, शनिवारपर्यंत.

तीनशे पानं लिहिणाऱ्या बाईला सात शब्दांचं काय ओझं! त्यांनी चहा उकळेपर्यंत ओळ लिहिली आणि पाठवून दिली: ‘उत्कंठावर्धक आणि खिळवून ठेवणाऱ्या रहस्यकथा’. केदारचं उत्तर अदबीचं होतं. काकू, ही ओळ कुणाच्याही पुस्तकावर बसेल, तुमचं असं यात काय आहे, असं त्याने विचारलं होतं. बाईंनी दुसरी पाठवली: ‘मृत्यूच्या पंगतीला अवश्य यावे’. त्यावर तो म्हणाला की हे तेराव्याचं निमंत्रण वाटतंय.

इथून बाईंना ओळीचं वेड लागलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, आंघोळीच्या वेळी बादली भरताना त्या ओळी पुटपुटायच्या आणि बोटांवर शब्द मोजायच्या. मधुसूदनरावांनी मीठ मागितलं तर मिठावरून ओळ सुचायची. किराण्याच्या यादीच्या पाठी, विजेच्या बिलावर, देवघरातल्या पंचांगाच्या कडेला ओळी चढत गेल्या. बुधवारपर्यंत एकशे सहा झाल्या. एकही धड नव्हती, तरीही बाई खूश होत्या. इतकी गंमत त्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा सोडियम पाण्यात टाकलं तेव्हा आली होती, त्यानंतर आताच.

त्या गमतीतच बुधवारी एक घोटाळा झाला. ‘आज कुणाच्या ताटात मरण वाढलंय?’ ही ओळ केदारला पाठवायची ती बाईंच्या अंगठ्याने कॉलनीच्या ग्रुपवर पाठवली, आणि त्या निर्धास्तपणे देवळात निघून गेल्या. परत आल्या तर फाटकापाशी कॉलनीचे सेक्रेटरी दिग्विजयसिंह शितोळे काठी घेऊन उभे. फौजेतून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस, पण चेहरा उतरलेला.

“वहिनी, सगळं ठीक तर आहे ना?” ते म्हणाले. “ग्रुपवर लोक परेशान आहेत. मी तर पाण्याची टंकीपण चेक करवून घेतली.”

तीन घरांनी दुपारचं जेवण टाकून दिलं होतं. कोपऱ्यावरच्या गुप्ताजींनी दूधवाल्याला परत पाठवलं होतं. बाईंनी डोक्याला हात लावला, मग शितोळ्यांना आत बसवून सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता सेक्रेटरीसाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि ते पाणी त्यांनी आधी हुंगून पाहिलं. जाताना त्यांनी स्वतःचीही एक ओळ दिली, ‘दुश्मन सामने नहीं, बगल में बैठा है’. ओळ वाईट नव्हती, पण हिंदीत होती आणि सीमेवरची वाटत होती.

गुरुवारी बाईंनी ठरवलं की आता शास्त्रशुद्ध काम करायचं. ज्यांचा धंदाच ओळीवर चालतो त्यांच्या ओळी जाऊन बघायच्या. मधुसूदनरावांना बरोबर घेऊन त्या ऑटोने बाड्यावर, बाजारातल्या मोठ्या चौकात, उतरल्या आणि वही उघडून सराफ्यातून पाटणकर बाजाराकडे निघाल्या. वर बघत, पाट्या वाचत, लोकांना धक्के देत. सराफ सगळे भरवसा विकत होते. साड्यांची दुकानं नातं जपत होती. मिठाईवाल्यांकडे परंपरा होती, कुणाकडे चार पिढ्यांची, तर समोरच्याकडे मुद्दाम पाच. तासाभरात वहीची तीन पानं भरली आणि बाईंच्या लक्षात आलं की एकाची पाटी दुसऱ्याच्या दुकानावर लावली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. केदार म्हणत होता ते हेच.

मग एका जिन्याच्या तोंडाशी त्यांना कवळ्या बनवणाऱ्याची लहानशी पाटी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘अब भुट्टा भी खाइए’. बाई रस्त्यात उभ्या राहून मोठ्याने हसल्या. मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहिला. त्या जिना चढून वर गेल्या आणि त्या माणसाला विचारलं, ही ओळ सुचली कशी. तो म्हणाला, सुचली वगैरे काही नाही. एक अम्मा कवळी बसवून गेल्या आणि आठ दिवसांनी परत येऊन एवढंच बोलल्या, की आता भुट्टासुद्धा खाते. त्याने ते पाटीवर चढवलं.

खाली येताना बाईंचा चेहरा उजळलेला होता. आपण बावीस वर्षं लिहिलं, पण वाचणारा नक्की काय म्हणतो ते कधी कान देऊन ऐकलंच नाही. मंडळातले लोक ‘छान झालीये’ म्हणायचे, आपण ‘थँक्यू’ म्हणायचो, आणि विषय संपायचा. त्यांनी ऑटोतच शुक्रवारच्या जेवणाचा बेत ठरवला. दहा माणसं बोलवायची, एक कथा वाचायची, आणि मग गप्प बसून सगळ्यांचं ऐकायचं. मधुसूदनरावांनी भीत भीत विचारलं, इंदुताईंना बोलवायचं का. वगळलं तर वर्षभर ऐकावं लागेल आणि बोलावलं तर त्याच दिवशी, एवढाच त्यात फरक होता. म्हणून बोलावलं.

शुक्रवारी बाईंनी पहाटेपासून खपून मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, कढी आणि पुऱ्यांची कणीक असा घाट घातला. बाराला मंडळी जमली. इंदुताई डाळिंबी रंगाची शाल घेऊन आल्या, खुनाची गोष्ट ऐकायला आलेली नाही, भावाकडे जेवायला आले आहे, असं दारातच सांगून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. ताटं मांडलेली होती. बाईंनी विचार केला, कथा वीस मिनिटांची, मग गरम पुऱ्या तळू.

कथा वीस मिनिटांची नव्हती. वाचायला लागल्यावर बाईंना रंग चढला. त्या यमूआत्याचा आवाज काढू लागल्या, गोष्टीतले रावसाहेब बोलले की घोगरं बोलू लागल्या, मध्येच थांबून लोकांचे चेहरे बघू लागल्या. शितोळे पुढे सरकून बसले. एक वाजला, दीड वाजला. मसालेभाताची वाफ गेली. कढीवर जाड सायीसारखा थर आला. गोष्टीत मात्र मुंजीची पंगत ऐन भरात होती, कढईतून जिलब्या निघत होत्या, वाफाळता भात वाढला जात होता, आणि रावसाहेब पाटावरून उजव्या अंगाला कलंडले होते. त्यांना उचलून बाजूला ठेवलं आणि पंगत पुढे सुरू झाली.

तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून इंदुताई बोलल्या. मोठ्याने नाही, अगदी सरळ, मीठ कमी आहे असं सांगावं तशा.

“वनमाला, तुझ्या गोष्टीत माणूस गार होतो, जेवण नाही. इथे मात्र उलटं चाललंय.”

खोलीत हसण्याचा असा स्फोट झाला की शितोळ्यांच्या हातातला पेला सांडला. बाई हसल्या नाहीत. हातातले कागद तसेच धरून त्या उभ्या होत्या आणि उजव्या हाताची बोटं मोजत होत्या. माणूस, गार, होतो, जेवण, नाही. पाच. त्या धावत इंदुताईंकडे गेल्या आणि आधी त्यांच्या पाया पडल्या, मग पेन शोधायला लागल्या. पेन कुठेच सापडेना. शेवटी त्यांनी देवघरातली कुंकवाची कोयरी आणली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, डिसेंबरच्या पानावर, बोटाने लाल अक्षरांत ती ओळ लिहून काढली. हे बघून मंडळी पुन्हा हसली. त्यानंतर पुऱ्या तळल्या गेल्या, भात परत गरम झाला, आणि असं जेवण त्या घरात फार दिवसांत झालं नव्हतं.

ओळ केदारला गेली. दोन मिनिटांत त्याचा फोन आला आणि बराच वेळ तो नुसता हसत होता. मुखपृष्ठ आजच पक्कं करतो, असं म्हणाला. बाईंनीच त्याला थांबवलं. ओळ माझी नाही, म्हणाल्या, जिची आहे तिला विचारलं पाहिजे.

इंदुताईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, मी जेवणाबद्दल बोलले होते, खुनाच्या पुस्तकाची जाहिरात करायला नव्हते बोलले. लोक उद्या विचारतील, मुळ्यांच्या इंदुताई म्हातारपणी हे काय बोलायला लागल्या. मधुसूदनरावांनी मध्यस्थी करून बघितली, तर ताईंनी त्यांना लहानपणच्या कशाची तरी आठवण करून दिली आणि ते गप्प झाले. बाईंनी त्या दिवशी आणखी बावीस ओळी लिहिल्या. त्या पाच शब्दांपुढे सगळ्या पाणी घातलेल्या ताकासारख्या लागत होत्या.

शनिवारी सकाळी त्या मुद्रितांचा गठ्ठा घेऊन शिंदे की छावणीत पोचल्या. इंदुताई ऊन खात अंगणात बसल्या होत्या. बाईंनी गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या की ताई, तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही, पण वाचून नाही म्हणा. आणि केदारकडून सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली.

शनिवारी संध्याकाळी पहिला फोन आला. मुंजीच्या पंगतीत कोशिंबीर उजवीकडे वाढली आहेस, ती डावीकडे हवी, एवढं सांगून ताईंनी ठेवून दिला. अर्ध्या तासाने दुसरा, की रावसाहेबांना भाच्याने मारलं हे मला तिसऱ्या पानावरच कळलं. बाईंनी काही सांगितलं नाही. चाळीस मिनिटांनी तिसरा फोन. भाच्याने नव्हतं मारलं. ताईंचा आवाज चिडलेला होता आणि त्यात आनंद लपत नव्हता. रविवारी फोनच आला नाही, आणि वनमालाबाई दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिल्या. मधुसूदनरावांनी दोनदा गाडीची चावी हातात घेतली आणि दोनदा परत ठेवली.

सोमवारी सकाळी नऊला इंदुताई स्वतःच आल्या, ऑटोतून, मांडीवर गठ्ठा. त्यावर निळ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या होत्या, बहुतेक सगळ्या स्वयंपाकाच्या. त्या बसल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“ही यमूआत्या मीच ना?” त्यांनी विचारलं.

वनमालाबाईंना शाळेत तपासणीला साहेब आले की व्हायचं तसं झालं. बावीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा पहिल्याच सणाला इंदुताई तूप वाढत होत्या. नव्या सुनेच्या पानापाशी त्या वाकल्या होत्या आणि तिच्या कानात म्हणाल्या होत्या की पोट भरलं असेल तर बळजबरीने खाऊ नकोस, मी तुझ्या सासूबाईंना बघून घेते. तेव्हापासून बाईंना वाटायचं की ही बाई काहीही शोधून काढू शकेल. हे सगळं त्यांनी अडखळत सांगितलं. मधुसूदनराव तोंड उघडं टाकून ऐकत होते.

इंदुताईंनी गठ्ठ्याचं वरचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, “बावीस वर्षं मी स्वतःलाच वाचलं नाही म्हणजे.”

आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं बघून बाई, बाईंचं बघून मधुसूदनराव. तिघंही टेबलाभोवती बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि थांबले की कुणीतरी ‘कोशिंबीर डावीकडे’ म्हणायचं आणि पुन्हा सुरू. ओळीचं मग ताईंनीच ठरवून टाकलं. पुस्तकावर इंदुताई मुळे असं नाव येता कामा नये, पण यमूआत्या म्हणाली असं लिहिलं तर त्यांची हरकत नव्हती. यमूआत्या काय वाटेल ते बोलते, तिला कोण विचारणार?

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात पुस्तक आलं. मुखपृष्ठावर केळीचं पान, पानावर वाफाळता भात, शेजारी एक रिकामा पाट, आणि खाली ती पाच शब्दांची ओळ. इंदुताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर लोक वनमालाबाईंकडे सही घ्यायला गेले तेव्हा शेजारी खुर्ची ओढून ताईही सह्या देऊ लागल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या ‘यमूआत्या’ अशी सही करत होत्या आणि त्यांची रांग मोठी होती.

ओळ मात्र पुस्तकाच्या पुढे पळाली. इंदूरला एका लग्नात वरात दोन तास उशिरा आली तेव्हा मुलीच्या मामाने ती म्हटली, असं कुणी कळवलं. शितोळ्यांच्या सुनेला, सोनलला, तिच्या बडोद्याच्या मैत्रिणीने ती पाठवली, कुठली आहे ते ठाऊक नसताना. बाई या बातम्या ऐकायच्या आणि दिवसभर गुणगुणत फिरायच्या.

महिनाअखेरीला त्या आणि मधुसूदनराव पुण्याला निघाले, केदारने ठेवलेल्या कार्यक्रमासाठी. सकाळची वेळ, धुकं असं की पलीकडचा फलाट दिसत नव्हता आणि गाडी चार तास उशिरा. शेजारच्या बाकावर एक मराठी कुटुंब बसलं होतं, नवरा-बायको आणि तिची आई. त्या बाईने डबा उघडला, पुरी मोडून बघितली आणि आईला म्हणाली, “माणूस गार होतो, जेवण नाही, असं म्हणतात ना? इथे दोन्ही गार.”

वनमालाबाईंनी चमकून तिकडे पाहिलं. मधुसूदनराव तर उठून उभेच राहिले. ही ओळ माझ्या मिसेसच्या पुस्तकाची आहे, त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. त्या बाईने आधी त्यांच्याकडे, मग मफलर गुंडाळून बसलेल्या वनमालाबाईंकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखी हसली.

“काहीतरीच काय काका. ही जुनी म्हण आहे. आमची आजी नेहमी म्हणायची.”

तिच्या आईनेही मान हलवली. त्यांच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या, झाशीला.

मधुसूदनरावांचे कान लाल झाले. पिशवीत पुस्तकाच्या चार प्रती होत्या आणि ते चेन उघडायला वाकले. वनमालाबाईंनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. त्या मफलरमध्ये तोंड दाबून हसत होत्या, खांदे गदगदत होते. मग डोळे पुसून त्यांनी त्या म्हाताऱ्या आईला विचारलं, तुमच्या सासूबाई आणखी काय काय म्हणायच्या हो?

बाकावर जागा झाली. बाई तिकडे सरकून बसल्या. धुक्यातून लाऊडस्पीकरवर सांगितलं की गाडी आणखी एक तास उशिरा धावते आहे, आणि कुणीतरी त्यांच्या हातात लोणचं घातलेली पुरी ठेवली.